पेडणे ते म्हापसा, दोन फोनांचा प्रयोग: फेब्रुवारीचा हिशेब

जानेवारीतच ठरवलं होतं की आता नवा फोन घ्यायचा नाही, दुसऱ्याचा फोन कामाला लावायचा. तो दुसरा म्हणजे म्हापशाचा माझा भाचा. त्याची गच्ची आणि माझी पेडण्यातली गच्ची यांच्यात सरळ रेषेत सुमारे १४ किलोमीटर. लोक ‘उडती तबकडी’ म्हणून जे दिवे दाखवतात ते किती लांब आहेत हे शोधायचंय. दोघांनी एकाच वेळी तेच आकाश टिपायचं आणि संशयित दिवा दोन फोटोंत ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकला ते मोजायचं, एवढाच प्रयोग. जवळचा दिवा जास्त सरकतो, लांबचा कमी. महिनाभराच्या नोंदी खाली आहेत. निम्मी फजितीच आहे.

आधी मापं. मृगातल्या त्रिकांड बाणाच्या दोन टोकांच्या ताऱ्यांत २.७ अंशांचं अंतर आहे. माझ्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात, फोटो आडवा ४००० पिक्सेलचा असताना, ते १४१ पिक्सेल भरलं. म्हणजे अंशाला ५२. हा आकडा हाताशी असला की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे २६ पिक्सेल. ४० मीटर लांबीचं प्रवासी विमान १० किलोमीटरवर असेल तर १२ पिक्सेल. शुक्र जास्तीत जास्त मोठा दिसतो तेव्हाही एक पिक्सेल भरत नाही. ‘हल्ली सगळ्यांच्या खिशात कॅमेरा असतो, मग उडत्या तबकडीचा एकही धड फोटो कसा नाही?’ हे मला लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा विचारून झालंय. बारा पिक्सेलांत विमान ओळखू येत नाही, तिथे तबकडी काय ओळखणार! झूम करूनही उपयोग नाही, उरलेला तपशील फोन स्वतःच्या मनाने भरतो. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र सॅमसंगच्या फोनने टिपलं, तर त्यावर मुळात नसलेला तपशील उमटला होता. वाद चांगलाच रंगला होता.

८ फेब्रुवारी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जवळजवळ डोक्यावरून जाणार होतं. उंची माहीत असलेली वस्तू, म्हणून परीक्षेला उत्तम. फोन पाटावर पालथे, भिंगं आकाशाकडे, प्रो मोड (सगळं आपण ठरवायचं), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता ८००, शटर १० सेकंद उघडं, म्हणजे स्थानकाची रेघ उमटते. फोनवर ‘तीन, दोन, एक’ म्हणून दोघांनी बटण दाबलं. रेघेच्या सुरुवातीचा बिंदू धरून हिशेब केला तर उंची निघाली दोनशे किलोमीटरच्या आत. भाचा म्हणतो, “मामा, स्टेशन खाली पडतंय की काय?”

पडत होता तो हिशेब. डोक्यावर असताना स्थानक सेकंदाला साधारण एक अंश पुढे सरकतं. बटण दाबण्यात एका सेकंदाचा फरक पडला की एक अंशाची चूक, आणि आम्हाला मोजायचे होते तेही दोनेक अंशच. दोन दिवस घड्याळं जुळवण्यात घालवले. मग डोक्यात प्रकाश पडला की बिंदू धरायचाच कशाला, रेघ धरावी. वेळ चुकली तर ठिपका रेघेवरच पुढे-मागे होतो. रेघ आडवी सरकते ती फक्त आमच्या दोघांतल्या अंतरामुळे.

१४ फेब्रुवारी. स्थानक नैऋत्येकडून ईशान्येकडे गेलं. आमचं अंतर दक्षिणोत्तर असल्यामुळे मार्गाला आडवं असं त्यातलं ९ किलोमीटरच कामी आलं. दोन्ही फोटो ताऱ्यांवर तारे ठेवून जुळवले. रेघा एकमेकींपासून ५९ पिक्सेल बाजूला, म्हणजे सव्वा अंशाहून थोडं कमी. उंची आली ४५० किलोमीटर. खरी सुमारे ४२०. पाटावर पालथ्या घातलेल्या दोन फोनांनी एवढं मोजलं याचं मला अजून अप्रूप वाटतंय.

आता पट्टी तयार आहे. १० किलोमीटर उंचीवरचं विमान आमच्या दोन फोटोंत पन्नासेक अंशांनी सरकेल, स्थानक एक-दोन अंशांनी, शुक्र अजिबात नाही. मोरजीच्या किनाऱ्यावरून कुणी सोडलेला कागदी आकाशदिवा म्हापशाच्या फोटोत बहुधा येणारच नाही. एक फोन कितीही मेगापिक्सेलचा असला तरी हे सांगू शकत नाही, कारण लांबचा मोठा दिवा आणि जवळचा लहान दिवा त्याला सारखेच.

१७ फेब्रुवारी. हरमलच्या एका शॅकवर काम करणाऱ्या मुलाचा फोटो फिरत फिरत माझ्याकडे आला. समुद्रावर नारिंगी तबकड्यांची रांग, मोजून सहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोतून वेळ, शटर, आयएसओ सगळं पुसलं जातं, म्हणून त्याला गाठून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली. नाइट मोड होता. मोठं करून पाहिलं तर तबकड्या गोल नव्हत्या. सहा छोट्या रेघा, सगळ्या एकाच लांबीच्या आणि मधल्या फटीही सारख्याच.

नाइट मोडमध्ये फोन एक फोटो काढत नाही. लागोपाठ बरेच काढतो आणि एकावर एक बसवतो. दोन फोटोंच्या मध्ये क्षणभर शटर बंद असतं. हलणारा दिवा मग तुटक रेघ होऊन उमटतो. मी त्याच रात्री गच्चीवरून जवळच्या मोपा विमानतळावर उतरणारं विमान नाइट मोडमध्ये टिपलं. माझ्याकडे सात आल्या! (५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून आमच्या तालुक्यात तबकड्यांना बरकत आहे.)

दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्या मुलाला दाखवले. वाटलं, खट्टू होईल. तो म्हणाला, “काका, मी तर एकच दिवा बघितला होता. फोटोत सहा आले म्हणून तर घाबरलो.”

त्याचा डोळा बरोबर होता आणि साक्ष खोटी दिली फोनने. इतकी वर्षं मी उलटं धरून चाललो होतो. आता कुणी फोटो आणला की तो बघण्याआधी विचारतो, डोळ्यांना काय दिसलं होतं?

हिरव्या ठिपक्यांचे चार फोटो आले, चारही निकाली. ठिपक्यापासून फोटोच्या मध्यातून उलट्या बाजूला रेघ ओढा, तिथे रस्त्याचा दिवा सापडतो. भिंगातलं परावर्तन.

भाच्याशी मात्र एका बाबतीत जुंपली. तो जागा वाचवायला जेपीजी, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल ठेवतो, मी कच्ची डीएनजी, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ फाइल मागतो. त्याला अमेरिकेतल्या ऑरेगनच्या मॅकमिनव्हिलचं उदाहरण दिलं. १९५० मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याने काढलेल्या तबकडीच्या दोन फोटोंवर अजून भांडणं चालू आहेत, पण निगेटिव्ह होत्या म्हणून तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या कॉन्डन समितीला पंधराहून अधिक वर्षांनंतरही मोजमाप करता आलं. अशाच न ओळखलेल्या वस्तूंवरच्या नासाच्या अभ्यासगटानेही सप्टेंबर २०२३ च्या अहवालात अनेकांच्या फोनमधली माहिती एकत्र गोळा करणारं अ‍ॅप सुचवलंय. त्याच्या आधी, २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग फोनवर टिपली होती. व्हिडिओ एवढ्या गावांतून आले की ते रॉकेटचे अवशेष आहेत हे लवकरच उमगलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तर धातूचं कडंच सापडलं. भाच्याने ऐकून घेतलं आणि मेमरी कार्डाचे पैसे मागितले. दिले.

२३ फेब्रुवारी. भाच्याच्या एका फोटोत पुनर्वसूच्या जवळ एक ठिपका आहे. आधीच्या फोटोत नाही, नंतरच्यातही नाही. त्याच दहा सेकंदांत माझ्या भिंगावर दव साचलेलं, माझा फोटो म्हणजे नुसतं दूध. ऊन परावर्तित करून क्षणभर चमकलेला उपग्रह असावा असं मला वाटतं. भाच्याला तसं वाटत नाही. वहीत ‘एकच फोन’ या रकान्यात नोंदवून ठेवलाय.

पुढच्या अमावास्येला पाटाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवून बघणार आहे, दवाला उतारा म्हणून. आणि तिसरा फोन हवाय. डिचोली किंवा सावंतवाडीकडे कुणाची मोकळी गच्ची असेल तर सांगा. पाट मी देईन.