त्रेसष्ट शलाकापुरुष, पण माणसं साठच

शलाकापुरुष, म्हणजे जैन पुराणांतले थोर पुरुष, किती, याचं उत्तर पाठशाळेतलं पोरही देतं: ६३. २४ तीर्थंकर, १२ चक्रवर्ती, ९ बलदेव, ९ वासुदेव आणि ९ प्रतिवासुदेव. (दिगंबर ग्रंथांत शेवटच्या तिघांना बलभद्र, नारायण, प्रतिनारायण म्हणतात.) नावं लिहून काढली की मात्र साठच भरतात. शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ आधी चक्रवर्ती, मग तीर्थंकर. तिघं दोन्ही याद्यांत येतात. जीव मोजायला गेलात तर आणखी एक घटतो, कारण पहिला वासुदेव त्रिपृष्ठ हाच पुढच्या एका जन्मात महावीर झाला. म्हणून पदं ६३, देह ६०, जीव ५९. समवायांग या जैन आगमग्रंथात तर ५४ च उत्तमपुरुष आहेत; तिथे प्रतिवासुदेव धरलेले नाहीत.

खरा घोळ होतो तो बलदेव, वासुदेव आणि त्याचा शत्रू प्रतिवासुदेव यांच्या नऊ त्रिकुटांत. बलदेव आणि वासुदेव सावत्र भाऊ, बलदेव थोरला. प्रतिवासुदेव तीन खंडांचा धनी असतो आणि चक्र त्याच्याकडे असतं. युद्धात तो ते वासुदेवावर सोडतो. चक्र वासुदेवाला इजा न करता त्याच्याच हाती येतं आणि त्याच चक्राने प्रतिवासुदेव मरतो. आठव्या त्रिकुटात राम, लक्ष्मण, रावण. त्यामुळे जैन रामकथेत रावणाला मारतो लक्ष्मण. ‘रामाने मारलं’ असं सवयीने लिहिलंत तर सगळी मांडणीच कोसळते: वध करणारा वासुदेव नरकात जातो, आणि राम तर मोक्षाला गेलेला. नववं त्रिकुट बलराम, कृष्ण, जरासंधाचं. इथे कंस प्रतिवासुदेव नाही, हेही पुष्कळदा चुकतं. वासुदेव हे पद आणि वसुदेव हे कृष्णाच्या वडिलांचं नाव. एका कान्याने बाप-लेकांची अदलाबदल होते.

चक्रवर्तींचं राज्य सहा खंडांचं, वासुदेवाचं तीन. म्हणून तो अर्धचक्री. पण सहा खंड जिंकले म्हणून सद्गती ठरलेली नसते. पहिला चक्रवर्ती भरत केवलज्ञानापर्यंत, म्हणजे पूर्ण ज्ञानापर्यंत पोहोचला, तर सुभूम आणि ब्रह्मदत्त हे चक्रवर्ती सातव्या नरकात गेले.

आणि भरताचा भाऊ बाहुबली? श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती डोळ्यांसमोर असल्याने लोक त्याला हटकून ६३ मध्ये बसवतात. तो त्यांत नाही. दिगंबर परंपरेत तो २४ कामदेवांपैकी, म्हणजे अतिशय रूपवान पुरुषांपैकी, पहिला. कामदेव, ११ रुद्र, ९ नारद, १४ कुलकर (आद्य कुलप्रमुख) आणि तीर्थंकरांचे ४८ आईवडील धरून १६९ पुण्यपुरुषांची जी मोठी यादी होते, तिथे त्याला शोधायचं.