माझ्या नावावर २५ टक्के चूक

आपल्याकडे अपघाताचा पहिला निकाल रस्त्यावरच लागतो. दुचाकीला कार लागली तर कारवाल्याची चूक, कारला ट्रक लागला तर ट्रकवाल्याची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोलापुरात विजापूर रोडवर सैफुलच्या पुढे आमची कार एका टेम्पोवर आदळली, तेव्हा गर्दीने याच न्यायाने टेम्पोवाल्याला घेरलं. थोड्या वेळाने तीच गर्दी मला समजावायला लागली, "मालक, गरीब माणूस आहे, इथंच मिटवून टाका की."

मिटवण्यासारखं नव्हतं. शेजारी बसलेल्या बायकोचं उजवं मनगट मोडलं होतं, माझ्या बरगडीला मार होता. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करते. मनगट गेलं की कामच गेलं.

झालं होतं ते असं. आम्ही शहरातून बाहेर निघालो होतो. समोरून येणाऱ्या टेम्पोने दुभाजकाच्या कटमधून यू-टर्न मारला आणि आमच्या बाजूला आडवा आला. मी गाडी डावीकडे ओढली, तरी उजवा कोपरा लागलाच. ड्रायव्हर मात्र पोलिसांना सांगत होता, "मी वळून सरळ झालो होतो, कारने मागून ठोकलं." हे एवढंसं वाक्य सगळं प्रकरण उलटवू शकतं. मागच्या गाडीने पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवलं पाहिजे असा नियमच आहे, त्यामुळे मागून धडक म्हटलं की संशय आधी मागच्यावर जातो.

त्याला उत्तर पत्र्याने दिलं. गाड्या बाजूला घेण्याआधी मेव्हण्याने चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. टेम्पोचा डावा दरवाजा आणि डावं पुढचं चाक चेपलेलं, मागच्या फाळक्याला ओरखडाही नाही. मागून ठोकलेल्या गाडीचा दरवाजा कसा चेपेल? घटनास्थळाचा पंचनामा झाला तेव्हा मेव्हणा तिथेच उभा राहिला. कोणत्या गाडीचं नुकसान कुठे, दुभाजकापासून अंतर किती, काचा कुठे पडल्या, टायरच्या खुणा कुठून सुरू होतात, हे सगळं नकाशात यावं म्हणून तो हवालदारांच्या मागे लागला. ते वैतागले, पण लिहिलं. आरटीओच्या निरीक्षकाने दोन्ही गाड्या तपासल्या आणि ब्रेक दोन्हींचे चालू असल्याचा अहवाल दिला, म्हणजे "ब्रेक फेल" ही पळवाट बंद. समोरच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांमार्फत लगेच घेतलं, कारण जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं. ते कोर्टात चालायला तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं. दुकानदार सहीला बिचकत होता, चहा पाजून समजावलं.

गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या २७९ आणि ३३८ खाली, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत. (आता तसा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ मध्ये येतो.) मला वाटलं, संपलं. वकीलसाहेब हसले. फौजदारी खटला वेगळा, भरपाई ठरवणारं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वेगळं. तिकडे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, इकडे कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढं पाहतात. तिकडे ड्रायव्हर सुटला म्हणून इकडचा दावा आपोआप पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. एप्रिल २०२२ पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा अशी अट मोटार वाहन कायद्यात आली, म्हणून आम्ही कलम १६६ खाली दोन दावे लगेच लावले, एक तिचा, एक माझा.

टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला बार लायसन्सवर टाकला. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचं लायसन्स होतं, माल वाहतुकीचं वेगळं नव्हतं. म्हणून भरपाई मालकाने द्यावी, कंपनीने नव्हे. चूक कोणाची आणि पैसे कोणी भरायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला तेव्हा खरं कळलं. दावा चालू असतानाच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की ७,५०० किलोच्या आतल्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. छोटा टेम्पो त्यात सहज बसला. तो मुद्दा तिथेच संपला.

मग ते माझ्यावर आले. पंचनाम्यात टायरच्या खुणा लांब होत्या. कट दिसत असताना कारने वेग का कमी केला नाही, हा त्यांचा सवाल. ज्या कागदाने "मागून ठोकलं" खोटं पाडलं, तोच कागद आता माझ्यावर उलटला. न्यायाधिकरणाने चूक वाटून दिली, टेम्पो ७५ टक्के, मी २५. मला ते आजही मान्य नाही. श्रावणातल्या सकाळी रस्ता ओला होता, ओल्या डांबरावर गाडी घसरतेच, आणि आडव्या आलेल्या टेम्पोपुढे कोणीही ब्रेक दाबणारच. पण निकाल निकाल असतो. माझ्या भरपाईतून चौथा हिस्सा कापला गेला.

आता कंपनीचं म्हणणं आलं की बायकोच्या रकमेतूनही २५ टक्के कापा, नवऱ्याचीच चूक आहे. इथे आमच्या वकिलांचा अभ्यास दिसला. ती गाडी चालवत नव्हती, तिची स्वतःची चूक शून्य. तिच्यासाठी दोन्ही ड्रायव्हर मिळून जबाबदार, आणि अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २००८ मध्ये सांगितलं आणि २०१५ मध्ये पुन्हा पक्कं केलं. पैसे भरणाऱ्याने उरलेला हिस्सा दुसऱ्याकडून नंतर वसूल करावा, तो त्यांचा आपसातला हिशेब. तोच रस्ता, तोच टेम्पो, तोच पंचनामा, आणि मला कपात, तिला पूर्ण. ती घरी म्हणाली, "बरं झालं मला गाडी चालवता येत नाही." मी काहीच बोललो नाही.

तिच्या प्रकरणात भांडण उरलं ते मनगटाचं. डॉक्टरांच्या दाखल्यावरचा अपंगत्वाचा टक्का जसाच्या तसा कमाईच्या नुकसानीचा टक्का धरत नाहीत. कामावर खरा परिणाम किती, ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी डॉक्टर साक्षीला आले आणि कारखान्याच्या मुकादमाने पीस रेटचं रजिस्टर आणलं, अपघाताआधी आठवड्याला किती पीस आणि नंतर किती. दाखल्यापेक्षा त्या रजिस्टरने जास्त काम केलं असं माझं मत.

२५ टक्क्यांवर अपील करायचं माझ्या मनात होतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर त्यातच येतं, मुंबईचा हेलपाटा वाचला असता. वकीलसाहेबांनी आकडा मांडून दाखवला. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपीलच चालत नाही, आणि माझी कापलेली रक्कम लाखाच्या बरीच खाली होती. फाइल बंद. बायकोच्या निकालावर कंपनीने अपील केलं नाही. रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली, थोडी खात्यावर आली, बाकीची त्यांनी तिच्या नावे मुदत ठेवीत टाकली आहे.