कापणीच्या सणाने सांभाळलेलं माझं थिऑलॉजीचं पहिलं वर्ष

मुंबईत कुणाच्या शेतात काय पिकतं असं कुणीही विचारेल, पण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कापणीचा सण दरवर्षी होतो म्हणजे होतोच. भायखळ्याच्या आजूबाजूच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधली कितीतरी घरं मूळची नगर, जालना, सोलापूरकडची, आजोबा-पणजोबा गिरणीत लागले म्हणून इकडे आलेली, शेती तिकडेच राहिली पण सण बरोबर आला. पावसाळा सरला की एक रविवार ठरतो, तरुण संघ आदल्या रात्री जागून केळीचे खुंट बांधतो, झेंडूच्या माळा लावतो, महिला मंडळ मटण किती आणायचं यावर तासभर चर्चा करतं आणि सकाळी उपासनेला वेदीपुढे जागा उरत नाही. नारळ, केळीचे घड, गव्हाची पिशवी, कुणाच्या घरचा केक, अंड्यांचा ट्रे, पाय बांधलेला एखादा कोंबडा जो नेमका उपदेश सुरू झाल्यावरच ओरडतो.

दुपारी जेवणाच्या आधी लिलाव. हा लिलाव ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. एक भोपळा असतो, साधा लाल भोपळा, बाजारात पन्नास-साठ रुपयाला मिळेल असा. एक काका तो दोनशेला घेतात आणि तिथल्या तिथे म्हणतात, "मंडळीला परत." पुन्हा बोली. आता एक मावशी तीनशे म्हणते, तीही परत देते. मग रेल्वेतून रिटायर झालेले एक आजोबा उठतात, मग दुबईहून सुट्टीवर आलेला कुणीतरी, आणि असा तो एकच भोपळा सगळ्या मांडवात फिरून शेवटी स्वयंपाकघरात जातो. जे पैसे जमतात त्यातला एक वाटा आमच्याकडे सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या कॉलेजात, शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ठेवलेला असतो. लहानपणी मी टाळ्या वाजवायचो फक्त, ते पैसे कशाला जातात हे मला कळलं ते माझी स्वतःची फी त्यातून भरली गेली तेव्हा.

मी पुण्याला सेमिनरीत बीडीला, म्हणजे थिऑलॉजीच्या पदवीला गेलो तेव्हा पाचारण, देवाने या कामाला बोलावलंय ही खात्री, अगदी पक्कं होतं. सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पाळकसाहेबांनी त्यांचं जुनं शब्दकोशाचं पुस्तक दिलं, आई दादरला गाडी सुटेपर्यंत रडत होती. आणि मग लेक्चर्स सुरू झाली. पहिल्या काही आठवड्यातच सरांनी शांतपणे सांगितलं की बायबलच्या जुन्या करारातलं यशया संदेष्ट्याचं सगळं पुस्तक एकाच माणसाने एकाच काळात लिहिलेलं नसावं असं बहुतेक अभ्यासक मानतात, चाळीसाव्या अध्यायापासून पुढचा बराचसा भाग बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहुद्यांना कैद करून बाबेलला नेलं त्या काळातला. मग मार्क. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये मार्कचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावरच थांबतं, बाया घाबरून येशूच्या कबरेपासून पळाल्या, बस्स, उठलेला येशू कुणाला भेटला ते पुढचं त्यात नाहीच. वर ग्रीक व्याकरण, नामांची रूपं पाठ करता करता बारा वाजायचे. हॉस्टेलच्या खोलीत मी प्रार्थनेला बसायचो आणि शब्दच फुटायचे नाहीत, वाटायचं की ज्या पुस्तकावर आयुष्य लावायला आलो तेच हातातून निसटतंय. ज्यांनी हे शिक्षण घेतलंय त्यांना हे माहीत आहे, पण आपल्यात कुणी उघड बोलत नाही, आणि बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्या वर्षी सणाला शनिवारी लेक्चर संपल्यावर निघालो, दादरला उतरलो तेव्हा जावं की नको असंच मनात चाललेलं, कारण मला माहीत होतं स्टेजवर बोलावणार. संडे स्कूलच्या मुलांचं नाटक झालं, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं, दोन खुर्च्यांची रेल्वेगाडी केलेली आणि त्यात एक युरोपियन प्रवासी टिळकांना नवा करार देतो तो प्रसंग. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला इथे मुंबईतच झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा व्हायला १९०० साल उजाडलं. मधली ती पाच वर्षं नाटकात एका वाक्यात संपली, पण मी खुर्चीत बसून तेवढाच विचार करत होतो, की त्या घरात त्या काळात रोज काय चालत असेल, कोण कुणाची वाट बघत असेल.

मग माझं नाव घेतलं. साक्ष द्या, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगा, म्हणाले. मी माईक धरला आणि म्हटलं की मला खूप प्रश्न पडलेत, काहींची उत्तरं मिळत नाहीत, माझ्यासाठी प्रार्थना करा. एवढंच. मांडव शांत झाला, आणि मागून आमच्या भजन मंडळातली एक आजी, जालन्याकडची, मोठ्याने म्हणाली, "तुला जमत नाही तवर आम्ही धरतो विश्वास, तू पुस्तकं वाच." आणि पेटीवाल्याला म्हणाली, चल सुरू कर.

जेवताना ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा नवरा गिरणीत होता, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा काही नीट चालू झालीच नाही. त्या वर्षी सण करायचा का नाही यावर मंडळीत वाद झाला होता म्हणे, घरात पीठ नाही तिथे कापणी कसली. तर बाया पदरात मूठ मूठ तांदूळ बांधून आल्या, तोच वेदीपुढे ठेवला आणि संध्याकाळी तोच शिजवून सगळ्यांना वाढला. हे सांगताना तिच्या आवाजात जराही दुःख नव्हतं, ती मला मटणाचा रस्सा घे म्हणत होती मध्ये मध्ये.

परत पुण्याला जाताना गाडीत मी यशयाचा चाळीसावा अध्याय उघडला. यरुशलेम पडलेलं, मंदिर जळालेलं, माणसं परक्या मुलुखात, आणि त्यांना कुणीतरी सांगतंय की धीर धरा. हे कुणी लिहिलं यापेक्षा कुणाला लिहिलं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, आणि खरं सांगायचं तर ते दिसलं सरांच्या त्याच लेक्चरमुळे. मला छळणारी गोष्टच मला धरून ठेवायला लागली. प्रश्न संपले नाहीत, आजही आहेत, पण प्रार्थनेला शब्द यायला लागले. ग्रीकसुद्धा हळूहळू अंगवळणी पडलं. पंडिता रमाबाई, ज्यांनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवर मेहनत घेऊन आख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांची आठवण ठेवून मी ग्रीक क्रियापदांचे धातू पाठ केले असं म्हटलं तरी चालेल.

ती आजी आता नाही. भजन मंडळात तिच्या जागी तिची सून टाळ वाजवते.

ह्या जूनमध्ये आमच्या मंडळीतली एक मुलगी सेमिनरीला जातेय. परवा प्रार्थनासभा झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडे गेल्यावर शंका आली तर कुणाला सांगायची का आपल्यापाशीच ठेवायची. मी म्हटलं सांगायची, पहिल्याच आठवड्यात सांगायची, मला फोन कर, पाळकसाहेबांना कर, रात्री अकरा वाजले तरी कर. आणि सणाला घरी यायचं, दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तरी, सकाळची डेक्कन क्वीन पकडून एका दिवसापुरती का होईना.