भंडारदऱ्याला बाराही महिने

पावसाळ्यात एकदा धबधबे बघून आलेली माणसं "भंडारदरा झालं आमचं" म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर हा अकोले तालुक्यातला पट्टा दर ऋतूत वेगळा दिसतो आणि दर ऋतूत तिथे पायांना कामही वेगळं मिळतं. मी नाशिकची. घोटीवरून शेंडी फार लांब नाही, म्हणून वर्षभर याच एका रांगेत जायचं ठरवलं.

सुरुवात काजव्यांनी केली. मे सरता सरता वळीव पडून गेला की हिरडा, बेहडा, सादडा, उंबर या झाडांवर काजवे लागतात. पाऊस जोर धरेपर्यंतच हा खेळ. शनिवारी-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणून आम्ही मंगळवार धरला. वन खात्याच्या नाक्यावर शुल्क भरलं आणि रतनवाडीत एका घरी मुक्काम केला. जेवण वाढता वाढता मावशींनी बजावलं, "गाडी हितंच राहू द्या. बॅटरी पायाशी धरा, झाडावर मारू नका." त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. काजव्यांचं चमकणं म्हणजे नर-मादीनं एकमेकांना दिलेल्या खुणा. गाडीचे दिवे अंगावर पडले की त्या खुणा पुसल्या जातात, आणि ऐन विणीच्या दिवसांत जोड्याच जुळत नाहीत. आम्ही अंधारातच चालत गेलो. डोळे सरावल्यावर एक सादडा दिसला. त्याच्या एका फांदीपासून उजेड सुरू व्हायचा, शेंड्यापर्यंत जायचा, मग सगळं झाड विझायचं आणि शेजारचं पेटायचं. कितीतरी वेळ कोणी बोललंच नाही.

भर पावसात मी गड टाळते. घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तिथे चार हातांवरचं दिसत नाही आणि कातळावर शेवाळ असतं. त्या दिवसांत रतनवाडीतलं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ बघावं, भाताची आवणी चाललेल्या खाचरांच्या बांधाबांधानं फिरावं. कळसूबाई, म्हणजे राज्यातलं सगळ्यात उंच १६४६ मीटरचं शिखर, मी भाद्रपदात बारीतून चढले. सोनकी फुलली होती, तेरड्यानं उतार गुलाबी झाले होते आणि आधी रविवारी ज्या लोखंडी शिड्यांवर रेटारेटी असायची तिथे आठवड्याच्या मधल्या वारी माझ्याशिवाय दोघंच होते.

मला खरी ओढ होती ती सांदण दरीची. साम्रद गावाच्या पुढे जमिनीला एक उभी भेग पडली आहे, ती थेट कोकणाच्या बाजूला उतरते. पावसाळ्यात तिच्यातून ओढा धावतो, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. पाणी ओसरून थंडी स्थिरावल्यावरच जायचं. शहरातून मोठ्या तुकड्या येतात आणि दोरानं उतरायच्या जागी ताटकळतात, असं ऐकून होते. म्हणून साम्रदच्याच एका वाटाड्या दादांशी बोलून आम्ही मोजकी माणसं निघालो. दोर, हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट त्यांनी आदल्या संध्याकाळी अंगणात पसरून एकेक तपासलं. सामानाच्या पिशव्यांना आतून प्लास्टिक लावायला लावलं. अत्तर, स्प्रे काही लावायचं नाही असंही सांगितलं, कारण कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

आत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे कातळ इतके जवळ येतात की आभाळाची नुसती पट्टी उरते. तळाला सगळे दगडच, काही खोलीएवढे, काही पायाखाली हलणारे. दुसऱ्या डोहात पाणी कमरेच्या वर आलं. ऊन तिथवर पोचतच नाही, त्यामुळे ते पाणी हाडांत शिरतं. पिशवी डोक्यावर धरून, पायानं तळ चाचपडत पलीकडे गेले.

मग दोरानं उतरायचा मोठा उभा कातळ आला. दादांनी आधीच्या कुणीतरी दोर अडकवायला बांधून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या सुरीनं कापून काढल्या आणि आपल्या नव्या पट्ट्या दोन वेगळ्या ठिकाणी बांधल्या. दोर ओवला, स्वतः लटकून बघितलं आणि मगच मला बोलावलं. खाली त्यांचा भाचा दोर धरून उभा होता. "ताई, पाय खांद्याएवढे फाकवा. उजवा हात कमरेमागं, तो सोडायचा नाही. आता मागं बसा." मागं बसा, म्हणजे पाठीमागे काहीही नसताना बसा! गुडघे थरथरत होते. वजन हार्नेसवर गेलं, दोर ताणून घट्ट झाला आणि थरथर थांबली. नाकासमोर काळा, ओलसर कातळ होता आणि त्याच्या फटीत एक खेकडा. मी त्याच्याकडे बघत बघत उतरले.

सगळे खाली आल्यावर दादांनी दोर ओढून घेतला. तो सर्रकन पायाशी पडला की वर परतायची वाट बंद होते आणि फोनला रेंज नसते. म्हणूनच माणूस गावातला हवा. पाणी कुठल्या डोहात किती, कुठला दगड यंदा घसरलाय, अंधार पडला तर कुठे थांबायचं, हे त्याला ठाऊक असतं.

रात्र खालच्या सपाटीवर काढली. सकाळी करोली घाटानं परत वर साम्रदला चढलो. घाटात घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी आहे, उन्हाच्या आत निघालेलं बरं. घरी पिठलं, नागलीची भाकरी आणि ठेचा तयार होता.

जेवताना मी अलंग-मदन या जोडगडांचा विषय काढला. मदनला कातळटप्पा आहे, तिथे दोर लागतोच. दादा म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. कातळ वाळल्यावर फोन करा, मी दोर काढून ठेवतो." तोवर एप्रिल-मे आहेच. रतनगडाच्या वाटेवर करवंदं पिकतील तेव्हा माथ्यावरच्या नेढ्यातल्या, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातल्या वाऱ्यात बसायला पहाटे चढायचं, असं घरच्यांना सांगून ठेवलंय.