जॉयस्टिक आणि रॅम्प

आज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खूप शिकायला मिळालं. विद्यार्थ्यांनी इलेक्ट्रिक व्हीलचेअरसाठी नवी जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची हाताने चालवायची दांडी, बनवली होती, दिसायला एकदम देखणी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) असलेल्या एका ताईंनी ती धरली आणि लगेच म्हणाल्या, "घाम आला की बोटं घसरतात. आणि हात मधेच झटका देतो ना, त्यालाही ही खुर्ची हुकूम समजते." पोरांनी तिथल्या तिथे खरखरीत रबर गुंडाळलं, बारीक झटके गाळणारं सेटिंग वाढवलं. मग ताई चौकटीला न घासता दारातून सुळकन बाहेर! किती छान वाटलं सांगू.

वापरणाऱ्यालाच सगळ्यात जास्त कळतं. पोलिओमुळे मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला आले, आणि १९७२ मध्ये बर्कले शहरात अपंगांनीच चालवलेलं, अपंगांना स्वतःच्या मर्जीने जगायला मदत करणारं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं.

त्याच प्रयोगशाळेच्या इमारतीचा रॅम्प मात्र उभा चढ आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, इथे निम्मीही नाही. मोजमाप घेतलंय, उद्या सगळे मिळून अर्ज देतोय. सह्या करायला कोण कोण येतंय?