पाय जोडून, गुडघे मुडपून

आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरात असायचं. स्टेज म्हणजे वर्गातली बाकं एकमेकांना बांधायची, वर फळ्या, त्यावर सतरंज्या. बांधायचं काम आबांचं, ते कुणी त्यांना दिलेलं नव्हतं. दोर हातात घेऊन ते वीत वीत चाचपत जायचे. पीळ उसवलेला दिसला की तो दोर बाजूला. "नवा आणा." हेडसर कुरकुरत पैसे काढायचे.

नाटक-बिटक आम्हाला फारसं नकोच असायचं. पडदा लागेपर्यंत स्टेजवरून मैदानात उड्या मारणं, हा खरा कार्यक्रम. बाई ओरडायच्या. आबा ओरडत नसत. "पाय जोड. गुडघे मुडप. कुशीवर पड, हात टेकू नको." हात टेकणाऱ्याला परत वर चढवायचे.

ते पॅराशूटवाले होते, हे गावाला ठाऊक होतं आणि गावानं त्याचा फिशपॉन्ड करून टाकला होता. दरवर्षी एक चिठ्ठी ठरलेली: 'जग एस्टीनं गावात येतं, आबा आभाळातून!' दाराशी उभे आबाही हसायचे. एरवी पेन्शन, दीड एकर, दोन म्हशी आणि पहाटे डेअरीवर दुधाची किटली, एवढाच त्यांचा दिवस.

एका वर्षी गॅदरिंग नेमकं 11 डिसेंबरला आलं आणि हेडसरांनी त्यांना माइकपुढे उभं केलं. आधी सरच बोलले. 1971 साल, बांगलादेशचं युद्ध, हीच तारीख. आबांची पलटण 2 पॅरा, मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानची 93 ब्रिगेड अडवायची, म्हणून कलाईकुंडा आणि डमडमहून विमानं निघाली. संध्याकाळी पाचच्या सुमारास टांगाईलजवळ उड्या, आणि त्याच रात्री लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात. पलटणीचे कर्नल पन्नू, त्यांना महावीरचक्र. 16 तारखेला ढाक्यात सगळ्यांत आधी शिरली तीही हीच पलटण. टाळ्या थांबेनात.

मग आबा. माइकपासून हातभर लांबच उभे.

"सामान लांब लांब पडलं. काही तळ्यात गेलं. तिथल्या लोकांनी काढून दिलं, डोक्यावरून वाहून आणलं. पोरंसुद्धा होती." थांबले. "भातं उभी होती त्यांची. आमच्या पायांखाली गेली."

एवढंच. नमस्कार केला आणि वळले. आम्ही पुढच्या रांगेतली पोरं श्वास रोखून बसलेलो, आता आबा उडी मारणार! ते बाजूच्या पायरीनं उतरले, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाय. आमची घोर निराशा झाली, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरलेली पुठ्ठ्याची तलवार न्यायला गेलो. बाकं मोकळी झाली होती, आबा एकटेच दोर गुंडाळत होते, पुन्हा तसंच वीत वीत बघत. एक टोक त्यांनी माझ्याकडे टाकलं.

"धर घट्ट. सैल सोडू नको."