गाडी निवडण्याआधी पार्किंगची जागा पाहावी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरी चर्चा झाली ती रेंजची, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर गाडी किती धावेल याची, आणि रंगाची. खरा प्रश्न मात्र कुर्ल्याच्या आमच्या जुन्या इमारतीत जिन्याखाली असलेल्या मीटर रूमपासून मागच्या कुंपणालगतच्या पार्किंगपर्यंत केबल कशी न्यायची, हा होता. म्हणून गाडीचे बुकिंग करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, जोडणी आपल्याच मीटरवरून घ्यावी आणि त्या मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला परवानगी आहे ती मर्यादा, पुरेसा आहे का, हे वीज कंपनीकडे तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. सामायिक मीटरवरून वीज घेतली की पुढे सभेत वाद ठरलेलाच.

पहिले काही दिवस आम्ही पार्किंगमधल्या जुन्याच १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावत होतो. एका सकाळी प्लग काढताना तो हाताला चटका बसेल इतका तापलेला होता आणि सॉकेटचे एक भोक तपकिरी पडले होते. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र तासन्‌तास तेवढाच करंट ओढत राहते, त्यामुळे बारीक वायर किंवा सैल जोड तिथे चालत नाही. वायरमनने स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच), जाड तांब्याची केबल आणि नीट अर्थिंग करून दिले, तेव्हा कुठे मनाला स्वस्थता आली.

चार्जिंगच्या वेगाची मात्र फार धास्ती घेऊ नये. माझा ऐरोलीला जाऊन-येऊन रोजचा प्रवास सुमारे ४० किलोमीटरचा. १०० किलोमीटरला १५ युनिट धरले तरी सहा युनिट लागतात, आणि साधारण ३.३ किलोवॉटच्या घरगुती चार्जरवर ती दोन तासांत भरून निघतात. फास्ट चार्जर पुण्या-नाशिकच्या वाटेवर हवा, आणि तिथेही ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, त्यामुळे पूर्ण भरण्यासाठी ताटकळत बसण्यात अर्थ नाही. जाहिरातीतली रेंज प्रमाणित चाचणीतली असते. एसी, वाहतूक आणि खंडाळ्याचा चढ लक्षात घेऊनच तिचा हिशेब करावा.

चार्जिंगचा बोर्ड आम्ही छातीच्या उंचीवर बसवून घेतला आहे, कारण २६ जुलै २००५ च्या पाण्याची खूण त्या भिंतीवर कमरेपर्यंत आजही दिसते.